मुलांचे न्यायालय भरवणारे डॉक्टर : यानुश कॉर्चाक

यरुशलेमच्या याद वाशेमला आपल्या समाजातील बहुतेक मंडळी एकदा तरी जाऊन आली असतील. तेथे डॉ. यानुश कॉर्चाक यांचे, मुलांना कवेत घेतलेले शिल्प आहे. माहिती देणारा सांगतो की, हे गृहस्थ आपल्या अनाथ मुलांबरोबर मृत्यूला सामोरे गेले. मंडळी फोटो काढतात आणि पुढे सरकतात. सांगितलेली गोष्ट खरीच आहे. परंतु डॉक्टरांचे मोठेपण त्या एका दिवसापुरते नव्हते. त्याआधीची तीस वर्षे त्यांनी जे काम केले ते आपल्या शिक्षकांनी आणि आईवडिलांनी जाणून घेण्यासारखे आहे, म्हणून त्यांचे चरित्र येथे थोडक्यात देत आहोत.

डॉक्टरांचे खरे नाव हेन्रिक गोल्डश्मिट. जन्म पोलंडमधील वॉर्सा शहरी, २२ जुलै रोजी. वर्ष मात्र १८७८ की १८७९ हे निश्चित नाही, कारण वडिलांनी जन्माची नोंद वेळेवर केली नाही. वडील वकील होते. घरात पोलिश भाषा चाले आणि धर्माचे फारसे काही शिकवले जात नसे. पाच वर्षांचे असताना हेन्रिकचा पाळलेला कॅनरी पक्षी मेला. त्याला पुरून वर क्रूस लावावा असे त्याच्या मनात आले. तेव्हा इमारतीच्या रखवालदाराच्या मुलाने त्याला सुनावले की हा पक्षी यहुदी, तूही यहुदी, क्रूस कसला लावतोस! आपण यहुदी आहोत हे त्या मुलाला असे कळले, आणि तेही आपण इतरांतले नाही या स्वरूपात. ही आठवण ते शेवटपर्यंत विसरले नाहीत.

त्या काळी वॉर्सावर रशियाचे राज्य होते. शाळेत पोलिश बोलण्याची बंदी, शिस्त कडक, आणि मुलांना छडीचा मार. पुढे वडिलांना मनाचा आजार जडला व १८९६ साली ते वारले. हेन्रिक शिकवण्या करून घर चालवू लागला. १८९८ साली एका लेखनस्पर्धेसाठी त्याने एका कादंबरीतील यानाश कॉर्चाक हे नाव घेतले. जुळाऱ्याच्या चुकीने यानाशचा यानुश झाला आणि तेच नाव कायम राहिले.

वैद्यकीचे शिक्षण पुरे होताच त्यांना १९०५ साली रशिया-जपान युद्धात लष्करी डॉक्टर म्हणून जावे लागले. परत आल्यावर ते वॉर्साच्या यहुदी बालरुग्णालयात काम करीत. लेखक म्हणूनही नाव झाले होते. परंतु बऱ्या झालेल्या मुलांना पुन्हा त्याच उपाशी, कोंदट घरी पाठवावे लागते ही गोष्ट त्यांना सलत असे. १९१२ साली क्रोखमाल्ना रस्त्यावर गरीब यहुदी मुलांसाठी अनाथगृह उभे राहिले तेव्हा त्यांनी रुग्णालय सोडले आणि त्याची जबाबदारी घेतली. त्यांच्याबरोबर स्टेफानिया विल्चिन्स्का या बाई होत्या. महायुद्धात डॉक्टरांना पुन्हा लष्करात जावे लागले तेव्हा घर या बाईंनीच सांभाळले. डॉक्टरांच्या नावापुढे त्यांचे नाव मागे पडते, हे बरोबर नाही.

घरात सुमारे शंभर मुले-मुली होती, साधारण सात ते चौदा वर्षांची. दिवसा ती बाहेरच्या शाळेत जात. कोणी रस्त्यावर वाढलेले, कोणी अंथरूण ओले करणारे, कोणी चोरीची सवय लागलेले. अशी मुले एका छपराखाली आणली म्हणजे ती एकमेकांची होतात असे नाही. बलवान मुले दुबळ्यांना छळतात, जुनी नव्यांना हसतात. नुसत्या उपदेशाने हे सुटत नाही, त्यासाठी घराची व्यवस्थाच तशी हवी, असे डॉक्टरांचे मत होते.

नवीन मूल आले की त्याला तीन महिन्यांसाठी एक मोठे मूल पालक म्हणून मिळे. कपडे कोठे ठेवायचे, कोणाला काय विचारायचे, रात्री भीती वाटली तर काय करायचे, हे तो पालक सांगे. तो एक वही लिही आणि डॉक्टर ती वाचून त्यात आपला शेरा लिहीत. विशेष म्हणजे, जो काल स्वतः उपद्रवी होता त्यालाही पुढे पालक केले जाई. १९५० व ६० च्या दशकांत भारतातून येथे आलेल्या आपल्या मुलांपैकी ज्यांनी हिब्रूचा एक शब्द येत नसताना वर्गात पाऊल टाकले, त्यांना अशा एका सोबत्याची किंमत सांगायला नको.

दुसरी गोष्ट न्यायालयाची. मुलांपैकीच पाच न्यायाधीश चिठ्ठ्या टाकून निवडले जात. त्या आठवड्यात ज्याच्यावर तक्रार नसेल त्याचेच नाव चिठ्ठीत पडे. कोणीही कोणावरही फिर्याद करावी. चिमुरडा मोठ्यावर करू शके, मूल शिक्षकावरही करू शके. यासाठी डॉक्टरांनी एक कायदा लिहिला. त्यातील पहिली नव्याण्णव कलमे क्षमेचीच होती. मग १०० पासून १००० पर्यंत शंभराच्या पायऱ्यांनी दोष वाढत जाई. ९०० व्या कलमाचा अर्थ असा की घराने या मुलाची आशा सोडली. तरीही कोणी एक मूल त्याची हमी घ्यायला पुढे आले तर तो राही. शेवटचे कलम घराबाहेर काढण्याचे, ते फार क्वचित वापरले गेले.

डॉक्टरांनी अर्ध्या वर्षात पाच वेळा स्वतःलाच या न्यायालयापुढे उभे केले. एकदा त्यांनी एका मुलाच्या कानशिलात मारली होती, एकदा एका मुलीवर चोरीचा संशय घेतला होता. संस्थेच्या प्रमुखाने दहा वर्षांच्या न्यायाधीशांपुढे जाऊन बसायचे, ही आपल्याकडे आजही सहज पचणारी गोष्ट नाही.

घरकाम सर्वांना वाटून दिलेले असे. झाडू आणि पुसण्याचे फडके जिन्याखाली न लपवता निजण्याच्या खोलीच्या दाराशी मानाच्या जागी ठेवत. ज्याला तोंडाने सांगता येत नाही त्याने लिहून टाकावे म्हणून पत्रपेटी होती.

एका रीतीबद्दल मात्र माझे मत वेगळे आहे. एक महिन्यानंतर सर्व मुले नव्या मुलाबद्दल मत देत : आवडतो, आवडत नाही, किंवा काही वाटत नाही. वर्षानंतर पुन्हा मतदान होऊन त्याचा दर्जा ठरे. सर्वांत वरचा सोबत्याचा, सर्वांत खालचा त्रासदायक पाहुण्याचा. मुलाला सुधारण्याची ओढ लागावी हा हेतू होता. पण खालचा दर्जा मिळालेल्या मुलाला त्या रात्री झोप कशी लागली असेल, हा विचार मनातून जात नाही.

१९२६ साली डॉक्टरांनी एका यहुदी वृत्तपत्राची साप्ताहिक बालपुरवणी सुरू केली. तिचा मजकूर मुलांच्या पत्रांतून उभा राही. १९३४ च्या सुमारास ते पोलंडच्या रेडिओवर म्हातारा डॉक्टर या नावाने बोलू लागले. ऐकणाऱ्यांना ते फार आवडत. परंतु यहुदीद्वेष वाढला तसा १९३६ साली हा कार्यक्रम बंद पडला. पुढच्याच वर्षी पोलंडच्या विद्यापीठांत यहुदी विद्यार्थ्यांसाठी वेगळी बाके नेमून दिली गेली. १९३४ व १९३६ साली डॉक्टर या देशात येऊन एन हारोद किब्बुत्झमध्ये राहून गेले. येथेच स्थायिक व्हावे असा विचार होता, पण मुलांना सोडून येणे झाले नाही. स्टेफानियाबाई तर १९३८ साली एन हारोदला आल्या होत्या. पोलंडवर संकट येते आहे असे पाहून १९३९ साली त्या परत गेल्या.

१९४० च्या अखेरीस जर्मनांनी अनाथगृह घेट्टोच्या भिंतीआड नेले. मुलांच्या बटाट्यांची गाडी जप्त झाली म्हणून डॉक्टर जाब विचारायला गेले, त्यांनी दंडावर पट्टीही बांधली नव्हती. त्यांना तुरुंगात टाकले. सुटल्यावर ते रोज पोते घेऊन दारोदार अन्न मागत फिरत. न्यायालय, वह्या, कामाच्या पाळ्या उपासमारीतही चालू होत्या.

१८ जुलै १९४२ रोजी मुलांनी एक नाटक केले. ते होते रवींद्रनाथ टागोरांचे डाकघर. खोलीत कोंडलेला आजारी अमल, खिडकीतून दिसणारे जग आणि राजाच्या पत्राची वाट पाहणे, हे आपल्याला भारतातून परिचित आहे. जर्मन राजवटीत या नाटकावर बंदी होती असे सांगतात. मृत्यूला शांतपणे सामोरे जाणे मुलांना कळावे म्हणून डॉक्टरांनी ते निवडले, असे त्यांच्या परिचितांनी नोंदवून ठेवले आहे.

चार दिवसांनी घेट्टोतून माणसे नेणे सुरू झाले. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात, बहुतेकांच्या मते ५ तारखेला, अनाथगृहाची पाळी आली. डॉक्टरांना वाचवण्याची तयारी त्यांच्या पोलिश मित्रांनी आधीच दाखवली होती, ती त्यांनी नाकारली होती. सुमारे दोनशे मुले, डॉक्टर, स्टेफानियाबाई व इतर कर्मचारी रांगेने स्टेशनापर्यंत चालत गेले. गाडी त्रेब्लिंकाला गेली.

१९७८ साली पोलंडने मुलांच्या हक्कांचा जागतिक करार करावा असे सुचवले, आणि १९८९ साली संयुक्त राष्ट्रांनी तो मंजूर केला. त्रेब्लिंका येथे आज सुमारे सतरा हजार दगड उभे आहेत. कित्येकांवर नष्ट झालेल्या गावांची नावे आहेत. एका व्यक्तीचे नाव असलेला दगड एकच, तो कॉर्चाक यांचा. त्यावर त्यांची दोन्ही नावे आहेत, आणि त्यांच्यासोबत मुलांचा उल्लेख आहे.