सर विल्यम वॉनलेस आणि खेळत्या हवेचा धडा



सांगलीहून मिरजेकडे जाताना वानलेसवाडी लागते. हे नाव आपण अनेकदा ऐकतो. पण ते सातासमुद्रापलीकडून आलेल्या एका डॉक्टरांचे आहे, हे सर्वांनाच ठाऊक असते असे नाही. सर विल्यम जेम्स वॉनलेस यांचे चरित्र आपण अवश्य जाणून घ्यावे. त्यांच्या कार्याचा संबंध थेट आपल्या घराच्या खिडकीशी आहे.

वॉनलेस यांचा जन्म 1865 साली कॅनडात झाला. न्यूयॉर्क येथे वैद्यकीय शिक्षण पुरे करून 1889 मध्ये ते पत्नी मेरी यांच्यासह हिंदुस्थानात आले. प्रथम सांगलीत त्यांनी दवाखाना चालविला. पुढे मिरासाहेबांच्या दर्ग्यामुळे दूरवर परिचित असलेल्या मिरजेत 1894 साली त्यांचे रुग्णालय उभे राहिले. शस्त्रक्रियेत त्यांचा हातखंडा होता. एकटा डॉक्टर किती रोग्यांना पुरणार, हे ओळखून 1897 मध्ये त्यांनी येथील तरुणांसाठी वैद्यकीय शाळा काढली. 1906 साली मेरीबाईंचे निधन झाले. कोल्हापुरातील मेरी वॉनलेस रुग्णालय त्यांच्याच नावाचे. या आघातानंतरही वॉनलेस यांनी सेवा सोडली नाही.

त्या काळी क्षय म्हणजे घराघरांतील धास्ती होती. रॉबर्ट कॉख यांनी 1882 साली क्षयाचा जंतू शोधला होता. पण त्यावर औषध नव्हते. वॉनलेस यांच्या पुढाकाराने सांगली-मिरजेच्या दरम्यान क्षयरोग्यांसाठी आरोग्यधाम झाले. तेथील वस्तीला पुढे त्यांचेच नाव मिळाले. विश्रांती, सकस आहार, ऊन आणि मोकळी हवा हाच त्या वेळच्या आरोग्यधामांतील उपचार होता. त्याने सर्वच रोगी बरे होत नसत. पण रोगी कोंदट घरातून बाहेर पडे आणि घरातील मुलेबाळे संसर्गापासून दूर राहत.

1928 मध्ये वॉनलेस यांना सर हा किताब मिळाला. त्याच साली ते निवृत्त झाले आणि 1933 साली अमेरिकेत वारले. मोकळ्या हवेचे खरे मर्म त्यांच्यामागून उलगडले. 1934 मध्ये विल्यम वेल्स यांनी दाखविले की, खोकताना उडालेले बारीक थेंब हवेतच सुकतात आणि त्यांचे सूक्ष्म कण तासन्‌तास तरंगत राहतात. पुढे बाल्टिमोर येथे रिचर्ड रायली यांनी क्षयरोग्यांच्या खोल्यांतील हवा गिनिपिगांच्या पिंजऱ्यांत सोडली. केवळ त्या हवेने त्यांना क्षय झाला. ज्यांच्याकडे जाणारी हवा अतिनील किरणांतून नेली होती, ते मात्र बचावले. उन्हातही अतिनील किरण असतात.

पुढे स्ट्रेप्टोमायसिन आले. घरी राहून औषध घेणारा रोगीही आरोग्यधामातील रोग्याइतकाच बरा होतो, असे मद्रासच्या अभ्यासाने 1959 मध्ये सिद्ध केले. योग्य औषध सुरू होताच संसर्गाची शक्ती झपाट्याने घटते. म्हणून रोग्याला वाळीत टाकण्याचे कारण उरलेले नाही. वेळेवर तपासणी मात्र हवीच.

वाचकहो, आता आपल्या घराकडे पाहा. चोरांच्या भीतीने, थंडीने किंवा आडोशासाठी आपण खिडक्या बंद ठेवतो आणि एकाच खोलीत पाच-सहाजण झोपतो. बंद खोलीतील पंखा तीच हवा फिरवतो. ती बदलत नाही. समोरासमोरची दारे-खिडक्या उघडली तरच हवा खेळते. वर्गात, शिकवणीच्या खोलीत, वसतिगृहातही हाच नियम. खोकताना रुमाल धरावा, कोठेही थुंकू नये. दोन आठवडे खोकला राहिला तर लाज न धरता सरकारी दवाखान्यात थुंकी तपासावी. तेथे क्षयाचे औषध मोफत मिळते. बरे वाटले म्हणून ते मध्येच सोडू नये. अर्धवट औषधाने जंतू अधिक चिवट होतात.

विशेषतः मुलीच्या आजाराची वाच्यता नको, लग्नात अडचण येईल, म्हणून तो झाकला जातो. पालकहो, झाकलेला आजार तिच्या भावंडांपर्यंत पोहोचतो. परक्या मुलखातून येऊन एका माणसाने आपल्या माणसांसाठी एवढे केले. आपण निदान आपल्या लेकरांसाठी खिडकी उघडावी आणि वेळेवर दवाखाना गाठावा.