उजेडाचे शास्त्रज्ञ इब्न अल-हैथम



या महिन्याच्या भित्तिपत्रकासाठी गुरुजींनी थोर माणसाचे चरित्र लिहायला सांगितले. सगळी चांगली नावे दुसऱ्यांनी आधीच घेतली. मला कोणीच उरले नाही. तेव्हा गुरुजींनी मला हे अरबी नाव दिले. ते दोनदा ऐकले तरी मला म्हणता येईना. पण गुरुजींनी ते मुद्दाम दिले होते. त्याचे कारण आमच्या घराचे कवाड.

आमच्या सोप्याच्या कवाडाला खिळ्याएवढे भोक आहे. दुपारी दारे-खिडक्या लावून आत अंधार केला की समोरच्या भिंतीवर रस्ता दिसतो, पण उलटा. बैलगाडी गेली तर चाके वर आणि बैल खाली. मी हे वर्गात सांगितले तर सगळे खोखो हसले. गुरुजी मात्र हसले नाहीत. ते म्हणाले की भोकातून येणाऱ्या उजेडावर हजार वर्षांपूर्वी एका माणसाने मोठा ग्रंथ लिहिला आहे. मग दोन दिवस मधल्या सुट्टीत त्यांनी मला माहिती सांगितली आणि मी ती वहीत उतरून घेतली.

अरबी भाषेत इब्न म्हणजे मुलगा. आपण नावापुढे वडिलांचे नाव लावतो तसेच ते. त्यांचे स्वतःचे नाव हसन होते. त्यांचा जन्म इ. स. ९६५ च्या सुमारास इराक देशात बसरा शहरी झाला. बसरा हे नाव आपल्याला नवीन नाही. बसऱ्याचे मोती आपल्याकडे नथीत घालतात. माझ्या आजीच्या नथीत बसऱ्याचाच मोती आहे असे ती सांगते. बाबा म्हणतात तो खोटा आहे. त्या काळी बसऱ्याचे व्यापारी आपल्या कोकणातल्या चौल बंदरात येऊन राहत होते, असे एका अरबी प्रवाशाने लिहून ठेवले आहे.

त्या काळी अरबी लोकांना पुस्तकांची लई आवड होती. ग्रीक लोकांचे जुने ग्रंथ त्यांनी अरबी भाषेत आणले. आपल्या भारतातले अंकसुद्धा त्यांनी घेतले आणि तिथून ते युरोपात गेले. हसन अशी पुस्तके वाचून मोठे झाले. गणित, आकाशातले तारे आणि उजेड हे त्यांचे आवडते विषय.

आता नाईल नदीची गोष्ट. ती जुन्या अरबी चरित्रकारांनी लिहून ठेवली आहे. इजिप्त देशात पाऊस फार थोडा पडतो. सगळी शेती नाईल नदीच्या पुरावर. पूर जास्त आला तर गावे बुडत आणि कमी आला तर दुष्काळ पडे. हसन यांनी कुठेतरी म्हटले की मी तिथे असतो तर नदीचा बंदोबस्त केला असता. ही गोष्ट इजिप्तच्या खलिफाच्या कानावर गेली. खलिफा म्हणजे राजा आणि धर्माचा प्रमुख दोन्ही. त्यांचे नाव अल-हाकिम. ते गादीवर बसले तेव्हा अवघे ११ वर्षांचे होते, म्हंजे आमच्यापेक्षा एकाच वर्षाने मोठे! त्यांनी कैरो शहरात इ. स. १००५ मध्ये एक ज्ञानाचे घर काढले. तिथे वाचायला पुस्तके आणि लिहायला कागद, शाई, लेखणी फुकट मिळे. पण त्यांचा स्वभाव फार लहरी. एकदा त्यांनी मुलुखिया नावाच्या पालेभाजीवर बंदी घातली. बायकांची पायताणे करू नयेत असाही हुकूम काढला. कधी कोणाला शिक्षा करतील याचा नेम नव्हता.

खलिफाने हसन यांना बोलावून घेतले आणि माणसे देऊन नदीवर पाठवले. ते नदीच्या काठाने दक्षिणेला आस्वान गावाच्या पुढेपर्यंत गेले. वाटेत त्यांनी जुन्या लोकांनी बांधलेली प्रचंड देवळे बघितली. त्यांच्या मनात आले की एवढे बांधणाऱ्यांना नदी अडवता आली असती तर त्यांनी ती कधीच अडवली असती. नदीचे पात्र बघून त्यांची खात्री झाली की हे काम आपल्याने होणार नाही. ते परत आले आणि त्यांनी खलिफाला तसे सांगून टाकले.

मला हे वाचून भीती वाटली. मी पाढा येत नाही हे सांगायलासुद्धा घाबरते, आणि इथे तर खलिफा समोर! खलिफाने त्यांना कचेरीत काम दिले. पण हा माणूस कधी रागावेल सांगता येत नाही म्हणून त्यांनी वेड लागल्याचे सोंग घेतले. मग त्यांचे सामान जप्त झाले आणि त्यांना घरात कोंडून ठेवले. पुढे इ. स. १०२१ मध्ये एका रात्री खलिफा गाढवावर बसून डोंगराकडे गेले ते परत आलेच नाहीत. तेव्हा हसन यांनी वेडाचे सोंग सोडले. नंतर ते अल-अझहर मशिदीजवळ राहिले. ते पुस्तकांच्या नकला करून वर्षाला १५० दिनार मिळवत आणि त्यावर पोट भरत. बाकीचा वेळ स्वतःचा अभ्यास.

नाईलवर आस्वानला मोठे धरण शेवटी १९७० साली पुरे झाले. त्याला सिमेंट आणि यंत्रे लागली.

त्यांचा सगळ्यांत मोठा ग्रंथ म्हणजे किताब अल-मनाझिर. त्याचे सात भाग आहेत. त्यांच्या आधी पुष्कळ मोठमोठे ग्रीक पंडित म्हणत की डोळ्यांतून किरण बाहेर जातात म्हणून आपल्याला दिसते. हसन यांनी सांगितले की तसे नाही. उजेड वस्तूवर पडतो आणि तिथून आपल्या डोळ्यात येतो. सूर्याकडे बघितले तर डोळे दुखतात, म्हंजे बाहेरून काहीतरी आत येते. त्यांनी नुसते सांगितले नाही, करूनही बघितले. अंधाऱ्या खोलीला एक भोक ठेवले आणि बाहेर ओळीने दिवे लावले. जेवढे दिवे तेवढे उजेडाचे ठिपके आतल्या भिंतीवर पडले. एक दिवा झाकला की त्याचाच ठिपका जाई, बाकीचे राहत. उजेड सरळ रेषेत जातो म्हणून असे होते. आमच्या बैलगाडीचे पण तेच. वरचा उजेड भोकातून सरळ खाली जातो आणि खालचा वर, म्हणून गाडी उलटी. आता हसा!

त्यांचेही एक चुकले. डोळ्यातल्या भिंगावरच आपल्याला दिसते असे त्यांना वाटे. खरे चित्र त्याच्या मागच्या पडद्यावर पडते, हे केप्लर यांनी १६०४ मध्ये सांगितले.

हसन इ. स. १०४० च्या सुमारास कैरो येथे वारले. त्यांचा ग्रंथ पुढे लॅटिन भाषेत गेला. युरोपातले लोक त्यांना अल्हाझेन म्हणत. इराकच्या नोटेवर त्यांचे चित्र छापले आहे. २०१५ साल जगाने प्रकाशाचे वर्ष म्हणून पाळले तेव्हा त्यांच्या ग्रंथाची हजार वर्षे म्हणून आठवण काढली.

आता माझ्या आजीचे सांगते. तिला मोतीबिंदू झाला आहे. ती म्हणते डोळ्यातली जोत विझली, आता डॉक्टर काय करणार? डोळा काढून टाकतील म्हणून ती दवाखान्यात जात नाही. मी तिला हसन यांची गोष्ट सांगितली. आजी, जोत डोळ्यात नसतेच, ती बाहेरून येते, असे म्हटले. तिला पटेना. मग मी भज्यांचा तेलकट कागद कवाडाच्या भोकावर चिकटवला आणि बघितले. भिंतीवर नुसता पांढरट उजेड. बैलगाडी नाही की काही नाही. कागद काढला की गाडी परत दिसली. आजीला गाडी दिसली नाही, पण तिने माझा हात धरून भोक चाचपून बघितले.

गुरुजींनी अजून एक सांगितले. त्याच खलिफाच्या काळी इजिप्तमध्ये अम्मार नावाचे डोळ्यांचे हकीम होते. ते पोकळ सुईने मोतीबिंदू ओढून काढत आणि डोळा जागच्या जागी राही. हेही मी आजीला सांगितले. ती म्हणाली, बघू.

शुक्रवारी बाबा तिला तालुक्याच्या दवाखान्यात नेणार आहेत. ती अजून हो म्हणाली नाही. पण आज सकाळी तिने नथीची डबी आईकडे सांभाळायला दिली.