तराजूचा कौल : अंत्वान लाव्हाझिए

पाणी दीर्घकाळ उकळत ठेवले असता त्याची माती होते, अशी अठराव्या शतकातही अनेक विद्वानांची समजूत होती. काचपात्राच्या तळाशी उरणारा गाळ हा त्याचा पुरावा मानला जाई. पाण्याची वाफ झाली तरी पदार्थ तोच राहतो. परंतु त्याची माती झाली, तर पदार्थच पालटला. या दोहोंतील भेद ओळखताना डोळे फसू शकतात. म्हणून त्याचा निवाडा तराजूवर करण्याची शिस्त रसायनशास्त्राला लावणारा थोर शास्त्रज्ञ म्हणजे अंत्वान लाव्हाझिए.

लाव्हाझिए यांचा जन्म २६ ऑगस्ट १७४३ रोजी पॅरिसमध्ये झाला. शिक्षण कायद्याचे, ओढा मात्र विज्ञानाकडे. १७६८ साली, वयाच्या पंचविशीत, ते फ्रान्सच्या विज्ञान अकादमीचे सदस्य झाले. त्याच वर्षी त्यांनी बंद काचपात्रात पाणी तापवण्यास आरंभ केला. वाफ नळीवाटे पुन्हा त्याच पात्रात उतरत असे. हा क्रम १०१ दिवस चालला. अखेरीस एकूण वजन होते तेवढेच भरले. पात्राचे वजन मात्र घटले होते, आणि ही घट जवळजवळ गाळाच्या वजनाइतकी होती. पाण्याची माती झाली नव्हती. काच झिजून पाण्यात उतरली होती.

पुढे हिऱ्याचा प्रश्न आला. प्रखर उष्णतेने हिरा नाहीसा होतो. मग कापराप्रमाणे त्याची वाफ होते की तो जळतो? हवेपासून पूर्ण झाकलेला हिरा भट्टीतही शाबूत राहतो, असे दिसून आले. लाव्हाझिए यांनी मोठ्या भिंगाने सूर्यकिरण एकवटून बंदिस्त हवेत हिरा तापवला. मागे उरलेल्या वायूने चुन्याची निवळी दुधाळ झाली. कोळसा जाळल्यावरही हेच घडते. हिरा उडून गेला नव्हता, तो जळून निराळा पदार्थ झाला होता.

नंतर त्यांनी पारा बारा दिवस तापवला. त्यावर तांबडी भुकटी जमली आणि पात्रातील हवा सुमारे एक षष्ठांशाने घटली. ती भुकटी अधिक तापवताच तेवढाच वायू परत मिळाला. हा वायू प्रीस्टली यांनी आधीच मिळवला होता आणि पॅरिसला येऊन त्याची माहितीही दिली होती. त्यांना पुरेसे श्रेय न देणे हा लाव्हाझिए यांच्या चरित्रातील उणा भाग होय. तथापि जळणे म्हणजे याच वायूशी संयोग, हा अर्थ लाव्हाझिए यांनी लावला आणि त्या वायूला ऑक्सिजन हे नावही त्यांनीच दिले. रासायनिक बदलात पदार्थ पालटतात, एकूण वस्तुमान पालटत नाही, हे तत्त्व त्यांनी १७८९ च्या आपल्या ग्रंथात मांडले. त्यातील आकृत्या त्यांच्या पत्नी मारी-आन यांनी रेखाटल्या होत्या.

सरकारसाठी कर गोळा करणाऱ्या खाजगी कंपनीत लाव्हाझिए यांची भागीदारी होती. त्या उत्पन्नातून त्यांच्या प्रयोगशाळेत अत्यंत सूक्ष्म तराजू आले. त्याच भागीदारीपायी राज्यक्रांतीच्या काळात त्यांच्यावर खटला भरला गेला. ८ मे १७९४ रोजी, वयाच्या पन्नासाव्या वर्षी, गिलोटिनखाली त्यांचा अंत झाला.

आज शाळेतील मूल बर्फ वितळताना आणि कागद जळताना पाहून एकाला भौतिक व दुसऱ्याला रासायनिक बदल म्हणते. केवळ दिसण्यावर न जाता मोजून पाहण्याची जी शिस्त या ओळखीमागे उभी आहे, ती लाव्हाझिए यांची देणगी होय.