कर्मवीर अण्णांनी लावलेले वळण

भगिनींनो, स्मरणिकेत तुम्हीही चार ओळी लिहा, असा आग्रह आपल्या अध्यक्षबाईंनी केला, तेव्हा मी आधी नाहीच म्हटले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. लेखणीपेक्षा लाटण्याचाच हाताला सराव अधिक. पण ज्या थोर पुरुषाविषयी लिहावे असे मनात आले, त्यांचेही शाळेतले शिक्षण इंग्रजी सहावीपुढे गेले नव्हते, हे आठवले आणि धीर आला. ते म्हणजे कर्मवीर भाऊराव पाटील, आपल्या सातारा-सांगलीकडच्या सर्वांचे अण्णा.

माझे माहेर वाळवा तालुक्यातले आणि सासर साताऱ्याचे. अण्णांचे मूळ गाव ऐतवडे बुद्रुक हे आमच्याच तालुक्यातले. त्यांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ रोजी कुंभोज येथे झाला. कोल्हापुरात शिकायला राहिले, पण परीक्षा काही त्यांना साधल्या नाहीत. पुढे साताऱ्यात येऊन त्यांनी मुलांच्या शिकवण्या घेतल्या. लोक त्यांना पाटील मास्तर म्हणू लागले. नंतर किर्लोस्करांचे नांगर विकण्याच्या निमित्ताने ते खेडोपाडी फिरले. शेतकऱ्याच्या घरी नांगर आला तरी पोराच्या हाती पाटी नाही, हे त्यांनी उघड्या डोळ्यांनी पाहिले. तेच त्यांच्या मनाला लागून राहिले.

सांगलीजवळच्या दुधगावी सहकाऱ्यांबरोबर त्यांनी सर्व जातींच्या मुलांसाठी वसतिगृहाचा प्रयोग केला होता. पुढे ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कऱ्हाडजवळच्या काले या गावी रयत शिक्षण संस्थेची स्थापना झाली. १९२४ साली संस्था साताऱ्यास आली आणि तेथे वसतिगृह सुरू झाले. १९२७ साली महात्मा गांधी साताऱ्यास आले, तेव्हा त्यांच्या हस्ते या वसतिगृहास छत्रपती शाहू महाराजांचे नाव देण्यात आले. मराठा, महार, जैन, मुसलमान अशी सगळी मुले तेथे एका पंगतीत जेवत. त्या काळी ही गोष्ट किती अवघड होती, हे आपल्या आज्या-पणज्यांच्या सोवळ्याच्या गोष्टी ज्यांनी ऐकल्या आहेत, त्यांना सांगायला नको.

आता मला विशेष सांगायचे आहे ते अण्णांनी मुलांना वळण कसे लावले, याविषयी. वसतिगृहात नोकरचाकर नव्हते. पाणी भरणे, झाडलोट, स्वयंपाक, आपले कपडे धुणे, बागेत आणि शेतात कुदळ चालवणे, हे सारे मुलेच करीत. अंगमेहनत करून शिकावे, फुकटाचे खाऊ नये, हा त्यांचा दंडक होता. एक दिवस काम करून कोणी सुधारत नाही. तेच काम रोज केले म्हणजे ते अंगात मुरते, हे अण्णांना ठाऊक होते. शिवाय समोरचे पोर कितीही आडदांड असले तरी ते माणूस होईल, अशी त्यांची श्रद्धा होती. अण्णा स्वतः जाडीभरडी खादी वापरीत आणि अनवाणी फिरत. त्यामुळे त्यांचा शब्द मुलांना जड वाटत नसे.

परंतु भगिनींनो, या कामाचा निम्मा भार एका बाईने वाहिला, हे आपण विसरता कामा नये. लक्ष्मीबाई या सोवळ्याओवळ्याच्या घरात वाढलेल्या. निरनिराळ्या जातींची मुले आपल्या चुलीपाशी यायची, हे त्यांना पहिल्याच दिवशी सहज जमले असेल असे मला वाटत नाही. लहानपणापासूनची सवय मोडणे हे नवी सवय लावण्यापेक्षा कठीण असते. पण त्यांनी ती मोडली आणि त्या मुलांची आई झाल्या. वसतिगृहासाठी अंगावरचे दागिने एकेक करून गेले. एकदा अण्णा गावी नसताना धान्य संपले, तेव्हा मुलांच्या पोटासाठी त्यांनी मंगळसूत्रसुद्धा काढून दिले. १९३० साली त्या गेल्या. लावलेल्या रोपाचा वटवृक्ष झालेला त्यांना पाहायला मिळाला नाही, याची मला फार हळहळ वाटते.

त्यानंतरही अण्णा थांबले नाहीत. १९३५ साली साताऱ्यात शिक्षक तयार करणारे सिल्व्हर ज्युबिली ट्रेनिंग कॉलेज निघाले. तेथून तयार झालेले शिक्षक डोंगरातल्या वाड्यावस्त्यांवर शाळा चालवायला गेले. १९४० साली महाराजा सयाजीराव हायस्कूल आणि १९४७ साली छत्रपती शिवाजी कॉलेज सुरू झाले. ज्यांना परीक्षेने हुलकावणी दिली, त्यांना पुणे विद्यापीठाने १९५९ साली डॉक्टर ही सन्माननीय पदवी दिली. त्याच वर्षी ९ मे रोजी पुण्यात त्यांनी देह ठेवला. त्यांची समाधी आपल्या साताऱ्यात आहे.

आता थोडे घरचे सांगते. माझे सासरे लहानपणी रयतच्या वसतिगृहात राहून शिकले. मी सून म्हणून आले त्या दिवशी जेवण होताच ते आपले ताट उचलून मोरीवर गेले आणि घासून पालथे घालून आले. मी लाजेने अर्धमेली झाले. सासूबाईंनी खुणेनेच मला थांबवले. पुढे वयाची पंचाहत्तरी उलटली, हात थरथरू लागले, तरी ताट त्यांनी दुसऱ्याला उचलू दिले नाही. वसतिगृहात लागलेले वळण असे जन्मभर टिकले.

घरातल्या इतर पुरुषांना मात्र ती सवय लागली नाही, आणि यात दोष आम्हा बायकांचाही आहे. त्यांची ताटे आम्हीच उचलत आलो. सासरे वारले त्या वर्षी मी मनाशी ठरवले की निदान मुलाला तरी हे वळण लावायचे. मुलगा तेव्हा बारा वर्षांचा होता. आधी मी रागावून पाहिले. चार दिवस ऐके, पाचव्या दिवशी ताट तिथेच. मग मीच वैतागून उचली. महिनाभरात मी हरले.

तेव्हा मला लक्ष्मीबाईंची आठवण झाली. धान्य नसताना ज्या माऊलीने धीर सोडला नाही, तिच्या गावात राहून मी एका ताटापुढे हरावे काय? मी रागावणे सोडले. त्याचे ताट तिथेच राहू दिले आणि दुसऱ्या जेवणाला तेच पुढे ठेवले, की धुऊन घ्यावे आणि वाढून घ्यावे. सासूबाई आजोबांच्या गोष्टी त्याला सांगत. असे जवळजवळ वर्ष गेले. आज तो पंधरा वर्षांचा आहे. अजूनही कधी विसरतो, पण बहुतेक दिवशी त्याचे ताट मोरीवर पालथे असते. गेल्या दिवाळीत त्याने आपल्या वडिलांचेही ताट उचलले. तेव्हापासून त्याचे वडील आपले ताट आपणच उचलतात. कोणी काही बोलले नाही; मीही नाही.

अण्णांनी हजारो मुलांना वळण लावले. मजसारखीला एका घराला लावायलाच इतकी वर्षे लागली. पण आपल्या मंडळाच्या प्रत्येक भगिनीने आपल्या घरात एवढे जरी केले, तरी अण्णांच्या आणि लक्ष्मीबाईंच्या कष्टांचे थोडे ऋण फिटेल, असे माझ्या अल्प बुद्धीला वाटते. चुकले-माकले असल्यास सांभाळून घ्यावे.