हसवणारे हेडमास्तर

स्मरणिकेसाठी एखाद्या दिवंगत मोठ्या माणसाविषयी लिहा, असे संपादक मंडळाने सुचवले तेव्हा प्रल्हाद केशव अत्रे हे नाव लगेच सुचले. ‘मोरूची मावशी’ पाहून आपण खदखदून हसलो आहोत आणि ‘श्यामची आई’ पाहताना डोळे पुसले आहेत. ही दोन्ही कामे एकाच माणसाची आहेत, आणि तो माणूस मुळात शाळामास्तर होता. जुन्या विद्यार्थ्यांच्या स्मरणिकेत याच अत्र्यांविषयी लिहावेसे वाटले.

अत्र्यांचा जन्म १३ ऑगस्ट १८९८ रोजी सासवडजवळच्या कोडीत या गावी झाला. कऱ्हाकाठच्या या मुलुखावर त्यांचा इतका जीव की, पुढे त्यांनी आत्मचरित्राला ‘कऱ्हेचे पाणी’ असेच नाव दिले. पुण्यात शिकत असताना राम गणेश गडकऱ्यांचा सहवास लाभला आणि अत्र्यांनी त्यांना कायमचे गुरू मानले. विनोद हे गंभीरपणे करायचे काम आहे, ही दीक्षा तिथलीच.

पदवी घेतल्यावर ते शिक्षक झाले. पुण्याच्या कॅम्प एज्युकेशन सोसायटीच्या शाळेचे मुख्याध्यापकपद त्यांनी सुमारे १८ वर्षे सांभाळले. मधल्या काळात लंडनला जाऊन तिथल्या विद्यापीठाची अध्यापनाची पदविका घेतली. परत आल्यावर मराठी क्रमिक पुस्तकांकडे त्यांचे लक्ष गेले. मुलांच्या पुस्तकात मुलांची भाषा आणि मुलांचे जग असावे, या विचाराने त्यांनी ‘नवयुग वाचनमाला’ तयार केली. त्यांची ‘दिनूचे बिल’ ही गोष्ट आपल्यापैकी अनेकांना आठवत असेल. आईला केलेल्या मदतीचे बिल दिनू तिच्या हाती ठेवतो, आणि आई उलट जे बिल देते त्यात येणे काहीच नसते. चार पानांत हसू येते आणि घशात आवंढाही येतो. पुढच्या सगळ्या अत्र्यांचे बीज या छोट्या गोष्टीत आहे.

हेडमास्तरांच्या हाती छडीबरोबर दुसरे एक हत्यार होते. १९२५ मध्ये केशवकुमार या नावाने त्यांचा ‘झेंडूची फुले’ हा विडंबनकाव्यांचा संग्रह आला आणि त्या काळच्या कवितेतल्या कृत्रिमपणाची त्यांनी मनसोक्त टिंगल केली. १९३३ मध्ये ‘साष्टांग नमस्कार’ हे नाटक आले. सूर्यनमस्काराने सगळी दुखणी बरी होतात असे मानणारे रावबहादूर आणि त्यांच्या घरातले एकेक छांदिष्ट नमुने पाहून प्रेक्षक लोटपोट झाले. ‘घराबाहेर’, ‘उद्याचा संसार’, ‘लग्नाची बेडी’ ही नाटके पाठोपाठ आली. पडत्या काळातल्या मराठी रंगभूमीला या नाटकांनी पुन्हा गर्दी मिळवून दिली.

तिथून सिनेमा फार दूर नव्हता. कोल्हापूरला मास्टर विनायक, बाबूराव पेंढारकर आणि छायालेखक पांडुरंग नाईक यांनी ‘हंस पिक्चर्स’ काढली होती. या कंपनीसाठी वि. स. खांडेकर गंभीर पटकथा लिहीत. हसवण्याचे खाते अत्र्यांकडे आले. ‘धर्मवीर’ आणि ‘प्रेमवीर’ हे दोन्ही १९३७ चे. मग १९३८ मध्ये मराठी आणि हिंदी अशा दोन्ही भाषांत ‘ब्रह्मचारी’ आला आणि विनोदी चित्रपट म्हणजे काय, हे मराठी माणसाला नव्याने कळले.

‘ब्रह्मचारी’तला औदुंबर एक व्याख्यान ऐकून आजन्म ब्रह्मचर्याची शपथ घेतो. भिंतीवरच्या नट्यांच्या तसबिरी उतरतात, व्यायाम सुरू होतो, आश्रमाची वाट धरली जाते. आणि तिथे किशोरी त्याच्या आयुष्यात येते. विनायकांचा औदुंबर आणि मीनाक्षीची किशोरी ही जोडी गाजली. मीनाक्षीने पोहण्याच्या पोशाखात केलेल्या गाण्यामुळे तर केवढा गहजब झाला! पण चित्रपट टिकला तो गहजबामुळे नव्हे. एखाद्या माणसाने नियम डोक्यात घ्यायचा, तो जिवापाड पाळायचा आणि प्रत्येक पावलाला त्याच्या स्वभावानेच त्याला तोंडघशी पाडायचे, अशी ती रचना आहे. हसे व्रताचे होत नाही, उसन्या व्रताचे होते. वर्गात वर्षानुवर्षे मुलांना उसनी उत्तरे पाठ म्हणताना ऐकलेल्या मास्तरालाच हे सुचावे!

पुढच्याच वर्षी, १९३९ मध्ये, ‘ब्रँडीची बाटली’ आला. मुंबईत दारूबंदीचा विषय तापलेला होता. त्यात दामूअण्णा मालवणकरांचा बगाराम हा म्युनिसिपालिटीतला भोळा कारकून औषधासाठी ब्रँडी शोधत फिरतो. ब्रँडी म्हणजे दारू, हेच त्याला ठाऊक नसते. प्रेक्षकाला ठाऊक असते, नायकाला नसते. सारा विनोद या एका फटीतून वाहतो. मला स्वतःला या पटकथेची काटकसर फार आवडते. दोन ओळींत सांगता येईल अशी एकच अडचण घेऊन अख्खा चित्रपट उभा करणे सोपे नाही.

यशाबरोबर भांडणेही आली. ‘नवयुग’ चित्रपट कंपनीत मतभेद झाले आणि अत्रे बाहेर पडले. स्वतःच्या संस्थेतर्फे त्यांनी सासुरवासावरचा ‘पायाची दासी’ (१९४१) काढला, पुढे दिग्दर्शनही हाती घेतले. याच सुमारास ‘नवयुग’ साप्ताहिकही सुरू झाले आणि १९४२ मध्ये नाशिकच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद मिळाले. त्यांची लेखणी या काळात अनेकांना बोचली. ना. सी. फडक्यांशी झालेला वाद वर्षानुवर्षे चालला. विनोदाचे शस्त्र विचारावर चालवता चालवता ते माणसावरही चाले, आणि तेव्हा घाव खोल जात. त्यांच्यावर प्रेम करणाऱ्यांनीही हे नाकारण्याचे कारण नाही.

म्हणूनच १९५३ सालचा ‘श्यामची आई’ हा त्यांच्या कारकिर्दीतला सर्वांत मोठा धोका होता, असे मला वाटते. साने गुरुजींना जाऊन तीन वर्षेही झाली नव्हती. त्यांचे ते पुस्तक घराघरांत पोथीसारखे वाचले जाई. आणि ते पडद्यावर आणणार कोण, तर कशाचीही टोपी उडवणारे अत्रे! निर्मिती, पटकथा आणि दिग्दर्शन ही तिन्ही कामे त्यांनीच केली. विनोदात कमावलेला संयम इथे उपयोगी पडला. रडवायचे असेल तर आधी माणसे खरी वाटली पाहिजेत, हे त्यांना ठाऊक होते. माधव वझेंचा श्याम हट्टी आहे, भित्रा आहे, खोडकर आहे. वनमालाबाईंची आई नुसती मायाळू नाही. पोहायला घाबरणाऱ्या श्यामला ती फोकाने मारते आणि मग त्याच्या वळांवर तेल लावते. अशी आई आपल्या ओळखीची असते, म्हणून शेवट सोसवत नाही.

देशातले पहिले राष्ट्रीय चित्रपट पुरस्कार १९५४ मध्ये दिले गेले. सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे राष्ट्रपतींचे सुवर्णपदक ‘श्यामची आई’ने मिळवले. त्याच वर्षी बिमल रॉय यांचा ‘दो बीघा जमीन’ही स्पर्धेत होता आणि त्याला गुणवत्तेचे प्रशस्तिपत्र मिळाले, हे लक्षात घेतले की त्या पदकाचे वजन कळते. पाठोपाठ त्यांनी ‘महात्मा फुले’ काढला. बाबूराव पेंढारकर जोतीराव झाले, सुलोचनाबाई सावित्रीबाई. या चित्रपटाला राष्ट्रपतींचे रौप्यपदक मिळाले. हेडमास्तर पुन्हा शाळेच्याच गोष्टीकडे आले होते. फक्त ही शाळा मुलींची पहिली शाळा होती.

त्यानंतर संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्याने अत्र्यांना पुरते ओढून घेतले. १९५६ मध्ये दैनिक ‘मराठा’ निघाला, सभा गाजल्या, आणि सिनेमा मागे पडला. १९६२ च्या ‘तो मी नव्हेच’ने नाटककार अत्रे पुन्हा एकदा तळपले. १३ जून १९६९ रोजी ते गेले.

सिनेमातली त्यांची मुख्य वर्षे मोजली तर जेमतेम सतरा-अठरा भरतात. पण त्यांत एक सूत्र आहे. प्रेक्षकाला त्यांनी कधी मूर्ख समजले नाही आणि मुलाला कधी लहान समजले नाही. ज्याला हसवायचे त्याचा आधी विश्वास मिळवावा लागतो. ज्याला शिकवायचे त्याचाही. आपल्या शाळेतले जे सर आणि ज्या बाई आज आपल्याला आठवतात, त्यांच्या तासाला हशा पिकायचा आणि त्याच तासाचा धडा अजून पाठ आहे. अत्र्यांच्या आठवणीच्या निमित्ताने त्या साऱ्या गुरुजनांना हा नमस्कार, अगदी साष्टांग!