पडद्यावरची खाष्ट सासू

हिंदी चित्रपटातील खाष्ट सासू म्हटले, की ललिता पवार यांचा चेहरा आठवतो. त्यांचा एक डोळा बारीक दिसे. त्या डोळ्याची हकिकत फार थोड्यांना माहीत असते.

त्यांचे मूळ नाव अंबा सगुण. नाशिक जिल्ह्यातील येवला येथे १९१६ साली त्यांचा जन्म झाला. १९२८ साली 'राजा हरिश्चंद्र' या मूकपटात त्यांनी बालकलाकार म्हणून काम केले. पुढे त्या नायिका झाल्या. 'हिम्मत-ए-मर्दां' हा त्यांचा १९३५ सालचा बोलपट. १९३७ सालच्या 'दुनिया क्या है' या बोलपटाच्या तर त्या निर्मात्याही होत्या.

१९४२ साली 'जंग-ए-आझादी' या चित्रपटाचे चित्रीकरण चालू होते. (या उर्दू नावांचा अर्थ तुम्हांला सांगायला नकोच!) एका प्रसंगात सहकलाकार भगवान यांनी त्यांना थप्पड मारायची होती. ती जोरात बसली. ललिताबाईंच्या डाव्या डोळ्याची शीर फुटली आणि चेहऱ्याची डावी बाजू लुळी पडली. उपचार दीर्घकाळ चालले, पण डोळा अधूच राहिला.

नायिकेचा चेहरा रेखीवच हवा, असा त्या वेळचा दंडक होता. त्यामुळे नायिकेची कामे संपली. तेव्हा त्यांचे वय तिशीच्याही आत होते. त्यांनी चरित्र-भूमिका स्वीकारल्या. १९४४ सालच्या 'रामशास्त्री'मध्ये त्या आनंदीबाई झाल्या. मग छळणाऱ्या सासवा, कजाग आया यांची रांगच लागली. डोळा किंचित बारीक करून त्या पाहू लागल्या, की प्रेक्षकांना धडकी भरे.

डोळा अधू असण्याचा आणि मन दुष्ट असण्याचा खरे तर काय संबंध? पण आपल्या समाजात एकाक्ष माणूस समोर आला तर अपशकुन मानणारे लोक होते. गोष्टींतही लंगडा, तिरळा, कुबडा माणूस बहुधा कपटी, नाहीतर दयेस पात्र असे. ललिताबाईंच्या खलभूमिकांनी हा गैरसमज पुसला नाही. उलट काहीसा पक्काच केला, हे मान्य केले पाहिजे. अपंग व्यक्तींचे चित्रण पडद्यावर कसे असावे, याविषयी सर्वोच्च न्यायालयाने मार्गदर्शक तत्त्वे सांगितली ती २०२४ साली.

तरी त्याच चेहऱ्याने त्यांनी दुसरेही काही करून दाखवले. १९५५ सालच्या 'श्री ४२०' मध्ये त्या मायाळू केळीवाली होत्या. १९५९ सालच्या 'अनाडी' मधील मिसेस डीसा तर विसरता येत नाही. ही घरमालकीण भाडेकरू तरुणावर सारखी ओरडते, पण त्याच्यावर पोटच्या मुलासारखी माया करते. भेसळयुक्त औषधाने तिचा मृत्यू होतो, तेव्हा चित्रपटगृहात हुंदके ऐकू येत. डोळा तोच होता, पण कोणालाही त्यात कपट दिसले नाही. या भूमिकेसाठी त्यांना फिल्मफेअर पारितोषिक मिळाले.

१९८७ साली दूरदर्शनवर 'रामायण' मालिका सुरू झाली. तीत कुबड्या मंथरेचे काम त्यांच्याकडे आले. २४ फेब्रुवारी १९९८ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. २०२० साली टाळेबंदीच्या काळात ती मालिका पुन्हा दाखवली गेली आणि घराघरांतील मुलांनी ती मंथरा पहिल्यांदाच पाहिली.