खान्देशाच्या वाटेनं परतलेले शाहू महाराज

दिंडीच्या शताब्दी अंकात संतांची चरित्रं आहेतच. त्यांच्या जोडीला एका राजाचीही आठवण ठेवू या. कैदेतून सुटून तो घराकडे निघाला, तेव्हा त्याला पहिला आधार मिळाला तो आपल्या खान्देशात.

हे साताऱ्याचे थोरले शाहू महाराज. कोल्हापूरचे राजर्षी शाहू वेगळे. शिवछत्रपतींचे नातू, संभाजी महाराजांचे चिरंजीव. जन्म १८ मे १६८२, माणगावजवळच्या गांगवलीचा. १६८९ साली औरंगजेबानं संभाजी महाराजांना मारलं, त्याच वर्षी रायगडही पडला. सात वर्षांचं लेकरू आई येसूबाईंसोबत मोगलांच्या छावणीत गेलं आणि साडेसतरा वर्षं तिथंच वाढलं. छावणी हलली की मायलेकरांनीही हलायचं. १७०३ मध्ये धर्म बदलण्याचा दबाव आला. महाराज बधले नाहीत.

१७०७ मध्ये औरंगजेब वारला. त्याचा मुलगा आझमशहा गादीसाठी उत्तरेकडे निघाला, कैदी सोबतच होते. मराठ्यांत आपसात भांडण लागावं म्हणून मे महिन्यात भोपाळजवळ त्यानं शाहूंना सोडलं. पण येसूबाईंना ओलीस ठेवून घेतलं. आईला मागं टाकून लेकाला निघावं लागलं. हाती राज्य नाही, पदरी फौज नाही, खजिना नाही.

नर्मदा ओलांडल्यावर बिजागडचे मोहनसिंग रावळ मदतीला आले. पुढं आपल्या धुळ्याकडच्या लांबकानीचे सुजानसिंग रावळ येऊन मिळाले. परसोजी भोसले, नेमाजी शिंदे, हैबतराव निंबाळकर असे मातब्बर सरदारही आले. एकट्या माणसामागं बघता बघता फौज उभी राहिली.

तिकडं ताराराणींनी हा शाहू तोतया असल्याचं म्हटलं. सात वर्षांचा गेलेला मुलगा पंचविशीत परत आलेला, ओळखायचा कसा? तेव्हा परसोजींनी त्यांच्यासोबत एका ताटात जेवून सगळ्यांची शंका फेडली. आपल्या पंगतीचं मोल जाणणाऱ्याला यातलं मर्म सांगायला नको.

१२ ऑक्टोबर १७०७ ला भीमेकाठी खेडला लढाई झाली आणि महाराज जिंकले. १२ जानेवारी १७०८ ला साताऱ्यात राज्याभिषेक झाला. पण घर अजून अर्धंच होतं. बाळाजी विश्वनाथ पेशवे दिल्लीहून येसूबाईंना घेऊन आले ते १७१९ साली. जवळपास तीस वर्षांनी ती माउली स्वराज्यात परतली. खरं घरी येणं ते तेव्हा झालं.

पुढं महाराजांनी चाळीसावर वर्षं राज्य केलं. १५ डिसेंबर १७४९ ला साताऱ्यात त्यांनी देह ठेवला.

मंडळी, कुणी वर्षानुवर्षं दूर राहून रिकाम्या हातानं गावी परत येतो. त्याला पुरावे मागण्याआधी पंगतीत जागा द्यावी. आपल्या खान्देशच्या मातीनं हे तीनशे वर्षांपूर्वी करून दाखवलंय.